पाल्हाळ आणि परकायाप्रवेश

मराठी समीक्षेच्या कोशात काही शब्द असे आहेत की ते उच्चारले म्हणजे निकाल लागला असे समजावयाचे. ‘पाल्हाळ’ हा त्यांपैकी एक. लेखन पाल्हाळिक आहे असे एकदा म्हटले की पुढे काही सिद्ध करावे लागत नाही. लेखकाने मान खाली घालावी आणि संपादकाने कात्री उचलावी. आपल्या लघुकथेने घाटाची आणि एकात्मतेची जी शिस्त अंगी बाणवून घेतली, तिच्यामुळे या शब्दाला आणखी धार आली. आशयाच्या केंद्राशी जे बांधलेले नाही ते कलाकृतीत नको, असा तो दंडक. दंडक वाईट नव्हे; त्याने आपल्या गद्याची चरबी पुष्कळ उतरवली. पण वृद्धांच्या लेखनाला तो लावू लागलो की हातून काहीतरी निसटते, असे मला फार दिवस वाटत आले आहे. वृद्धांच्या मेंदूविषयी गेल्या काही दशकांत जे संशोधन झाले ते वाचल्यावर ही शंका अधिकच बळावली, म्हणून ती येथे वाचकांपुढे मांडतो.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, आणि ‘स्मृतिचित्रे’ भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागली ती १९३४पासून. म्हणजे लेखिका पासष्टी ओलांडलेली. तिने शाळा पाहिलेली नाही. अक्षरांशी ओळख झाली ती नवऱ्यामुळे. मुलगा वडिलांचे चरित्र लिहावयास निघाला आणि त्याने आईजवळ आठवणी मागितल्या. मागितले होते कवी टिळकांविषयी. आले ते सारे गणगोत. वडील, आई, सासरे, नणंदा, शेजारणी, ज्यांनी घरात घेतले ते, ज्यांनी दार लावून घेतले ते, घरात दमडी नसताना टिळकांनी उचलून आणलेली परकी पोरे, सगळी माणसे एकामागून एक येत राहतात आणि कुणालाही ‘तुझे येथे काय काम’ असे बाई विचारीत नाहीत.

पुस्तकाची सुरुवातच पहा. आत्मचरित्राची नायिका जन्माला येण्याच्या अकरा वर्षे आधीपासून ही कहाणी सुरू होते: १८५७च्या बंडात फाशी गेलेल्या तिच्या आईच्या वडिलांपासून. काटेकोर संपादक पहिली कात्री येथेच चालवील. आजोबांचा नायिकेशी संबंध काय? संबंध आहे. त्या फाशीच्या धक्क्यातून लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळ्याचे वेड उपजले. त्या वेडाने त्यांच्या आईचे आयुष्य होरपळले, मुलांचे बालपण धुण्यापुसण्यात गेले. आणि त्याच घरात वाढलेली ही मुलगी पुढे, नवऱ्याने धर्मांतर केल्यावर, स्पर्शास्पर्शाच्या कल्पनेशी एकटीच झुंजून ती मनातून काढून टाकते. हे सारे लेखिकेने आखून लिहिले असे मला वाटत नाही. तिला आठवत गेले आणि तिने अडवले नाही, एवढेच. पण न अडवल्यामुळे एक गोष्ट घडली. वडिलांच्या विक्षिप्तपणाला हसता हसता वाचक एकदम थबकतो, कारण तो विक्षिप्तपणा कुठून आला ते त्याला आधीच सांगून ठेवलेले असते. छळणाऱ्या माणसाच्या पोटात असलेली भीती त्याला दिसते. आजोबा कापले असते तर वडील नुसते विदूषक झाले असते, किंवा नुसते खलपुरुष.

टिळकांच्या बाबतीतही हेच. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा या बाईवर कोसळले ते सांगावयास साधी तक्रार पुरेशी होती आणि तक्रार न्याय्यही होती. सत्तावीस वर्षांची स्त्री ती तक्रार करीलच. पासष्टीच्या बाईच्या सांगण्यात मात्र स्वतःच्या दुःखाच्या मधोमध टिळकांची तगमगही शिरते. ती क्षमा करते असे नव्हे. क्षमा हा शब्द येथे फार मोठा आणि काहीसा खोटा आहे. ती टिळकांना आपल्या दुःखाच्या खोलीतून बाहेर काढू शकत नाही, हे अधिक खरे.

आता त्या संशोधनाकडे वळतो. १९८८ साली लिन हॅशर आणि रोझ झॅक्स या दोन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी एक मत मांडले. वय वाढले म्हणजे लक्ष देण्याची शक्ती आटते असे आपण ढोबळपणे समजतो. त्यांचे म्हणणे असे की, हव्या त्या गोष्टीकडे लक्ष देण्याची शक्ती वृद्धांत बरीचशी शाबूत असते. कमी होते ती नको त्या गोष्टीला बाहेर ठेवण्याची. दिवा मंद झालेला नसतो, दार नीट लागत नसते. हे ‘नको’ म्हणण्याचे काम मुख्यत्वे कपाळामागच्या मेंदूच्या भागाकडे असते आणि उतारवयात तो भाग लवकर थकतो. २००५ साली ॲडम गझाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मेंदूच्या चित्रांत पकडले. माणसांपुढे चेहरे आणि निसर्गदृश्ये आळीपाळीने ठेवावयाची आणि सांगावयाचे, चेहरे लक्षात ठेवा, दृश्ये सोडून द्या. तरुणांचा मेंदू चेहऱ्यांना उजळवी आणि दृश्यांना विझवी. वृद्धांचा मेंदूही उजळविण्यात मागे नव्हता. विझविणे मात्र त्याला जमत नव्हते. सगळ्याच वृद्धांना जमत नव्हते असे नाही, हेही त्यांनी नोंदले: ज्यांची स्मरणशक्ती चांगली राहिली होती त्यांचे दार अजून लागत होते. पुढे २०१८ साली अशा पुष्कळ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा काही कसोट्यांत ही घट दिसली आणि काहींत दिसली नाही. तेव्हा ‘म्हातारा तेवढा भरकटणारा’ असा सिद्धांत करून मोकळे होता येत नाही.

मला या साऱ्यात सर्वांत मोलाचा वाटला तो हॅशर यांच्या प्रयोगशाळेतून २०१०च्या सुमारास बाहेर आलेला एक शोध. चित्रांवर असंबद्ध शब्द छापलेले होते आणि शब्दांकडे दुर्लक्ष करावयास सांगितले होते. वृद्धांना ते जमले नाही. पण पुढच्या कसोटीत जेव्हा तीच चित्रे आणि तेच शब्द जोडीने आठवावयाचे आले तेव्हा वृद्धांना त्याचा फायदा झाला. आपण हे जोडले आहे हे त्यांना ठाऊकही नव्हते. वृद्ध मन जे एकत्र दिसले ते एकत्र बांधून ठेवते, पुढे कशाचा कशाशी संबंध लागेल हे आधी ठरवीत नाही. आजोबांची फाशी आणि वडिलांचे सोवळे ही जोडी ‘स्मृतिचित्रां’त कशी टिकली असेल याचा थोडा अंदाज मला येथे येतो.

आणखी एक प्रयोग समीक्षकांनी ध्यानात ठेवावा असा आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुण आणि वृद्ध दोघांकडून बोलणे काढून घेतले. चित्राचे वर्णन करावयास सांगितले तेव्हा वृद्ध तरुणांपेक्षा अधिक भरकटले नाहीत. आयुष्यातले काही सांगा म्हटल्यावर मात्र भरकटले. आणि ऐकणाऱ्यांना कथा म्हणून वृद्धांचे सांगणे अधिक सरस वाटले! पाल्हाळ हा दोष आणि गोष्ट मात्र चांगली, असा हा चमत्कारिक निकाल. आपल्या दंडकात कुठे तरी गफलत आहे असे यावरून वाटावे.

परंतु दार उघडे राहणे आणि दुसऱ्याला समजून घेणे या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि येथे जपून पाऊल टाकावयास हवे. न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनात वाचनाच्या आनंदाची जी उपपत्ती मांडली तिला त्यांनी ‘सविकल्प समाधी’ असे नाव दिले. वाचक स्वतः राहूनच दुसऱ्याच्या जिण्यात शिरतो, आपली भूमिका न सोडता परकी भूमिका घेतो, या दुहेरीपणात आनंद आहे. समाधी सविकल्प हवी. स्वतःला विसरून जाणे पुरेसे नाही. स्वतःला काही काळ बाजूला ठेवता आले पाहिजे, आणि बाजूला ठेवणे हे तर त्या ‘नको’ म्हणणाऱ्या शक्तीचेच काम. तेव्हा ती शक्ती उतरली की दुसऱ्याच्या मनात शिरणेही अवघड व्हावे, हा तर्क आलाच. आणि तो बव्हंशी खरा ठरला आहे. दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे हे ताडण्याच्या कसोट्यांत वृद्ध मागे पडतात असे अनेक प्रयोगांच्या एकत्रित आढाव्यात दिसले. पण त्याच वेळी दुसरीही गोष्ट दिसली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात तरुण, मध्यमवयीन आणि साठीतले लोक यांना पीडितांचे चित्रपट दाखविले. वृद्ध अधिक हलले, आणि दानही त्यांनी अधिक दिले. म्हणजे ताडणे आणि द्रवणे या दोन निराळ्या शक्ती आहेत आणि वय त्यांना निराळ्या दिशांनी नेते. आपण दोहोंना मिळून ‘सहानुभूती’ हा एकच शब्द वापरतो, त्यामुळे घोटाळा होतो.

२०१३ साली ७५,०००हून अधिक अमेरिकन माणसांच्या उत्तरांवरून असे आढळले की स्वतःला सहानुभूतिशील म्हणवणारांचे प्रमाण मध्यम वयात सर्वाधिक असते, तरुण आणि वृद्ध दोघे त्याच्या खाली. हे लोकांनी स्वतःविषयी सांगितलेले आहे, आणि एकाच वेळी निरनिराळ्या पिढ्यांना विचारलेले आहे, हे विसरू नये. तरीही गंमत अशी की ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात जवळजवळ हेच सांगून ठेवले आहे. तरुणही कणव करतात आणि वृद्धही. तरुण माणसांवरील प्रेमाने, वृद्ध स्वतःच्या दुबळेपणाने, कारण जे दुसऱ्यावर ओढवले ते आपल्यापासून लांब नाही असे त्यांना वाटते. दोहोंच्या मध्ये भर वय. आणि मनाचे भर वय त्याने एकोणपन्नासच्या आसपास धरले. (बडोद्याला बोलताना केळकरांचे वय तेच होते. योगायोग, पण मला तो आवडतो.)

आता ‘लिअर’ आणि ‘नटसम्राट’ ही दोन नाटके शेजारी ठेवून पाहावीत. लिअर पहिल्याच प्रवेशात मुलींना प्रेमाची बोली लावावयास सांगतो. दोघी काय बोलतात आणि तिसरी का बोलत नाही, हे दरबारातल्या कुणालाही कळेल. त्याला कळत नाही. ताडण्याची शक्ती संपली आहे. पण तिसऱ्या अंकात वादळात, अंगावर काही उरलेले नसताना, हाच म्हातारा स्वतः आत जाण्याआधी कुडकुडणाऱ्या विदूषकाला झोपडीत जावयास सांगतो, आणि ज्यांना छप्पर नाही अशा सगळ्यांची त्याला आयुष्यात प्रथम आठवण होते. ताडणे गेले, द्रवणे आले. प्रयोगशाळेतल्या दोन शक्ती शेक्सपिअरने सुमारे १६०५-०६मध्ये, स्वतः चाळिशी नुकतीच ओलांडली असताना, दोन अंकांत वेगवेगळ्या करून ठेवल्या आहेत.

कुसुमाग्रजांचे गणपतराव बेलवलकर लिअरचेच वारस. त्यांच्या मनाचे दार तर नाटककाराने मुद्दाम सताड उघडे ठेवले आहे: जन्मभर केलेल्या भूमिका त्यांच्या बोलण्यात न बोलावता शिरतात, मुलाच्या दिवाणखान्यात राजे आणि सेनापती येऊन उभे राहतात. या घुसखोरीतून कुसुमाग्रजांनी स्वगते उभी केली ही त्यांची प्रतिभा. शेवटी बूटपॉलिश करणाऱ्या पोराशी जडलेले नाते हे वादळातल्या लिअरचे मराठी रूप. पण लिअरपाशी जे कठोरपण आहे ते मला ‘नटसम्राटा’त आढळत नाही. लिअरला कळत नाही हे शेक्सपिअर लपवीत नाही. विदूषकाकडून त्याला बोलून घेतो. बेलवलकरांना सुनेच्या किंवा मुलीच्या मनातले कळत नाही, आणि नाटकही ते कळून घेण्याची फारशी तसदी घेत नाही. वरचढ आवाजाचा, सवयी न सोडणारा, नातीला आपल्या परीने घडवू पाहणारा माणूस ज्या घरात येऊन राहतो त्या घराचीही एक बाजू असते. ती बाजू एकाच व्यक्तीला दिसते, आणि ती व्यक्तीही वृद्धच आहे: कावेरी. गणपतराव तिला ‘सरकार’ म्हणतात ते थट्टेने नव्हे. दोन्ही बाजू एकाच वेळी मनात धरणे, न बोललेले ताडणे, हे सारे तिच्याकडे आहे. तिच्या वाट्याला स्वगते नाहीत. प्रेक्षागृह रडते ते गणपतरावांसाठी. मला वाटते नाटकातले सर्वांत शहाणे दुःख कावेरीचे आहे आणि नाटककाराने ते घाईने उरकले.

असे का व्हावे? याचे एक उत्तर मला साध्या अंकगणितात सापडते. ‘नटसम्राट’ १९७०च्या डिसेंबरात रंगभूमीवर आले तेव्हा कुसुमाग्रज अठ्ठावन्न वर्षांचे होते, आणि तो म्हातारा अजरामर करणारे डॉ. श्रीराम लागू त्रेचाळीस वर्षांचे. ‘व्यक्ती आणि वल्ली’ १९६२ साली प्रसिद्ध झाले, अंतू बर्व्याच्या तिरकस बोलण्यामागचे एकटेपण टिपणारे पु. ल. देशपांडे त्या वेळी त्रेचाळिशीच्या आतबाहेर होते. ‘संध्याछाया’तील दारात आलेल्या परक्या माणसालाही न सोडणारे वृद्ध जोडपे जयवंत दळवींनी पन्नाशीच्या आसपास लिहिले. ‘वाडा चिरेबंदी’ १९८५चे. तेथली पुनःपुन्हा वेळ विचारणारी दादी लिहिताना महेश एलकुंचवार चाळिशीत होते. म्हणजे वार्धक्याचे आपले नामांकित साहित्य हे मध्यमवयाचे साहित्य आहे. ॲरिस्टॉटलच्या भर वयाने लिहिलेले, सहानुभूतीच्या शिखरावरून पाहिलेले. म्हणूनच ते इतके हृद्य आहे, आणि म्हणूनच त्यात मुलांच्या पिढीची अपराधी बोच सारखी जाणवते. म्हातारा तेथे दुसऱ्याच्या कणवेचा विषय आहे. तो स्वतः कुणाची कणव करतो आहे, त्याच्या डोळ्यांना आपण कसे दिसतो, हे सांगावयास लक्ष्मीबाईंसारखी एखादीच येते. आणि आली तर तिच्या हस्तलिखितावर आपण पाल्हाळ म्हणून लाल रेघा मारण्याचा संभव अधिक.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. पहारेकरी पेंगला की बाहेरचे आत येते तसे आतलेही बाहेर पडते. २०००च्या सुमारास विल्यम फॉन हिपेल यांच्या अभ्यासात दिसले की, काही वृद्धांच्या बोलण्यात पूर्वग्रह अधिक उतरतात ते त्यांना ते पटतात म्हणून नव्हे. आवरता येत नाहीत म्हणून. मराठी वृद्धांची आत्मचरित्रे, विशेषतः घरापुरती छापलेली, मी पुष्कळ वाचली आहेत. त्यांत एका पानावर लहानपणच्या मोलकरणीची आठवण अशी येते की वाचताना घसा दाटून यावा, आणि पुढच्याच पानावर तिच्या जातीविषयी असे वाक्य की पुस्तक मिटावे. ही दोन पाने एकाच उघड्या दारातून आली आहेत. संपादकाने दुसरे पान गाळले तर पहिल्याचा खरेपणाही थोडा कमी होतो, असे माझे मत आहे. पुष्कळांना ते पटणार नाही.

पाल्हाळाचा कणवेशी दुवा मी जोडला तो माझा आहे, प्रयोगशाळेचा नव्हे. तेथे या दोन गोष्टी निरनिराळ्या कसोट्यांनी मोजतात. पुरावा म्हणून माझ्यापाशी पुस्तकेच आहेत, आणि शेवटचे पुस्तक मराठी नाही. टॉल्स्टॉयने ‘हाजी मुराद’ ही कादंबरिका १८९६ ते १९०४ या काळात पुनःपुन्हा लिहिली; हातावेगळी झाली तेव्हा तो शहात्तर वर्षांचा होता, आणि छापली गेली ती त्याच्या मृत्यूनंतर, १९१२ साली. कला कशी असावी याविषयी याच सुमारास त्याने कडक नियम घालून दिले होते. कथा कॉकेशसमधल्या एका बंडखोर सरदाराची. तिचा वेग घोड्याचा. आणि मध्येच एका चकमकीत अवदेयेव नावाचा साधा शिपाई गोळी लागून मरतो. कथेला त्याची गरज तेवढ्यापुरती. चाळिशीतला टॉल्स्टॉयही कदाचित तेथे थांबला असता. हा म्हातारा थांबत नाही. तो सरदाराला सोडून थेट त्या शिपायाच्या खेड्यात जातो. बाप खळ्यात मळणी करतो आहे. भावाला मुलेबाळे होती म्हणून त्याच्या जागी हा सैन्यात गेला, आणि कामाचा मुलगा गेला, आळशी राहिला, म्हणून बाप धुसफुसतो आहे. बायकोला दुसऱ्याचे दिवस राहिले आहेत; ती मोठ्याने रडते आणि मनातून सुटल्यासारखी होते. यांतल्या कुणाचाही हाजी मुरादशी काही संबंध नाही, पुढे कधी येत नाही. आईने मुलाला पत्र लिहवून घेतले होते आणि आत एक रुबल घातला होता. लढाईत मुलगा मारला गेला अशी बातमी आली, आणि तिच्याबरोबर तो रुबल परत आला.